डोळा, कान आणि अक्षर : वाचन न साधणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनीं इ. स. १८९६ च्या नोव्हेंबर महिन्यांत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकांत एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाचें नांव पर्सी, वय १४ वर्षें. हा मुलगा चलाख होता. खेळांत बरोबरीच्या मुलांना हार जाणारा नव्हता, आणि गणितांत त्याची बुद्धि चांगली चाले. ७४९ ला ८६७ नें गुणण्याचें उदाहरण त्यानें झटकन व अचूक सोडवून दाखविलें. वयाच्या ७ व्या वर्षापासून शाळेंत आणि खासगी शिक्षकांकडून त्याला वाचन शिकविण्याची शिकस्त चालली होती. तरीहि अगदी आंखूड शब्द देखील तो मोठ्या कष्टानें लावी. स्वतःचें नांव लिहितांना सुद्धां अक्षरांची उलटापालट करी, आणि ती त्याच्या ध्यानांत येत नसे. त्याला कित्येक वर्षें शिकविणाऱ्या मास्तरांचें म्हणणें असें होतें कीं, सारें शिक्षण तोंडी असतें, तर हा मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता.

वाचतां न येणें म्हणजे बुद्धि मंद असणें, आणि बुद्धि मंद नसेल तर आळस असणें, अशी त्या काळीं सर्वसाधारण समजूत होती. आणि या दोन्ही दुखण्यांवर छडी हेंच हमखास औषध मानलें जाई. मॉर्गन यांच्या हकीकतीनें तिसरी शक्यता पुढें आणली. डोळे निकोप, कान निकोप, बुद्धि तल्लख, आणि तरीहि छापील शब्द ओळखूं येऊं नये, अशी एक जन्मजात अडचण असूं शकते. आज तिला 'डिस्लेक्सिया' म्हणतात. अडचण आहे एवढें मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न ओघानेंच आला : अशा मुलाला नेमकें काय शिकवावें? डोळ्यांना वळण लावावें, हाताला लावावें, कीं कानाला? लक्ष एकाग्र करण्याची संवय लावावी, कीं स्मरणशक्तीला तालीम द्यावी? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत जवळजवळ एक शतक गेलें. त्या शोधाचा इतिहास नुसत्या पंडितांच्या वादाचा नाहीं. चुकलेल्या प्रत्येक उत्तराची किंमत मुलांनीं आपल्या बालपणांतील वर्षांनीं मोजलेली आहे.

'शब्दांधत्व' ही कल्पना प्रथम मोठ्या माणसांच्या आजारावरून निघाली. मेंदूला इजा झाल्यामुळें ज्यांचें वाचन नष्ट झालें, परंतु दृष्टि व वाणी शाबूत राहिली, अशा रोग्यांच्या स्थितीला जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनीं १८७७ सालीं हें नांव दिलें. १८८७ सालीं जर्मनींतीलच श्टुटगार्ट येथील नेत्रवैद्य रुडोल्फ बेर्लिन यांनीं आपल्या ग्रंथांत 'डिस्लेक्सिया' हा शब्द वापरला. ग्लासगो शहरांतील नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनीं हीच कल्पना मुलांना लावली, आणि १९१७ सालीं जन्मजात शब्दांधत्वावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. त्यांच्या मतें मेंदूच्या डाव्या भागांत शब्दांचीं आणि अक्षरांचीं दृश्य चित्रें सांठविण्याचें एक कोठार असतें, व या मुलांचें तें कोठार पुरतें घडलेलें नसतें. अशा मुलाला वर्गांतील हंशापासून दूर, एकेकट्यास, धीरानें शिकवावें, हा त्यांचा सल्ला आजहि ग्राह्य आहे. परंतु त्यांनीं दोषाचें स्थान दृष्टीच्या स्मरणांत ठरविलें. वाचन डोळ्यांनीं होतें. तेव्हां दोषहि डोळ्यांच्याच वाटेवर कोठें तरी असला पाहिजे, हा तर्क इतका सरळ वाटणारा होता कीं, पुढील ५०-६० वर्षें त्याची छाया या विषयावरून हटली नाहीं.

या तर्काला एक जुनी आणि प्रतिष्ठित परंपरा येऊन मिळाली. ती परंपरा इंद्रियशिक्षणाची. फ्रान्समध्यें आव्हेरों प्रांताच्या रानांत सांपडलेल्या मुक्या मुलाला १८०१ सालापासून शिकवितांना डॉक्टर इटार्ड यांनीं स्पर्श, दृष्टि आणि श्रवण यांना क्रमाक्रमानें तालीम देण्याचा प्रयोग केला. त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनीं मंदबुद्धि मुलांसाठीं त्याचीच पद्धति बनविली व ती पुढें अमेरिकेंत नेली. इंद्रियें आधीं सुधारावीं, म्हणजे बुद्धि त्यांच्या मागोमाग येईल, असा या पद्धतीचा विश्वास होता. १९०७ सालीं रोम येथें आपलें बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी यांनीं इटार्ड आणि सेगँ यांचे ग्रंथ बारकाईनें अभ्यासले होते. त्यांनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून पाटीवर चिकटविलीं. मूल त्यांवरून बोट फिरवी, आणि फिरवितांनाच त्या अक्षराचा ध्वनि तोंडानें उच्चारी. डोळा, बोट आणि कान यांची अशी एकाच वेळीं एकाच अक्षरावर गांठ घातली जाई. महाराष्ट्रांतील ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं माँटेसरींच्या तत्त्वांना देशी वळण दिलें, त्याला येथील जुन्या पद्धतीची आठवण पोषकच होती. पंतोजींच्या शाळेंतील धूळपाटीवर मूल बोटानें अक्षर गिरवी आणि मोठ्यानें म्हणे, तेव्हां हीच तीन इंद्रियें एकत्र राबत असत. ही गांठ महत्त्वाची आहे. कारण पुढच्या काळांत ती सुटली, आणि सारा घोटाळा तेथून सुरू झाला.

अमेरिकेंत १९२५ सालीं सॅम्युएल ऑर्टन या मेंदुविकारतज्ज्ञांनीं आयोवा राज्यांतील शाळकरी मुलांवरील आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. हीं मुलें 'बी' आणि 'डी' या आरशांतील प्रतिबिंबासारख्या अक्षरांत गोंधळत, शब्दांतील अक्षरें उलट क्रमानें वाचीत. मेंदूच्या दोन्ही अर्धांत परस्परांचीं उलट चित्रें उमटतात, आणि एका अर्धाचें वर्चस्व नीट प्रस्थापित झालें नाहीं म्हणजे हा गोंधळ होतो, अशी उपपत्ति ऑर्टन यांनीं मांडली. ती पुढें टिकली नाहीं. परंतु त्यांनीं सुचविलेला उपाय उपपत्तीपेक्षां शहाणपणाचा होता. ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या शिक्षिकांनीं तो पाठांच्या रूपानें बांधला. एक अक्षर घ्यावयाचें, तें पाहावयाचें, त्याचा ध्वनि उच्चारावयाचा, तें हातानें लिहावयाचें, आणि तें पक्कें झाल्याशिवाय पुढच्या अक्षराकडे जावयाचें नाहीं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत ग्रेस फर्नाल्ड या मुलांना संपूर्ण शब्दावरून बोट फिरवावयास लावून, तो उच्चारीत लिहावयास शिकवीत होत्या. निदानाबद्दल या मंडळींचें एकमत नव्हतें. पण हात, कान आणि डोळा यांना राबवावयाचें तें अक्षरावर किंवा शब्दावरच, एवढें दोघांच्याहि शाळेंत पाळलें जात होतें.

गांठ सुटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. हायडेलबर्गचे डॉक्टर आल्फ्रेड स्ट्रॉस आणि मानसशास्त्रज्ञ हाइन्झ वेर्नर हे नाझी राजवटीमुळें जर्मनी सोडून अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत आले होते. पहिल्या महायुद्धांत डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांना चित्रांतील मुख्य आकृति आणि तिची पार्श्वभूमि वेगळी काढतां येत नाहीं, तसेंच त्यांचें लक्ष क्षणोक्षणीं विचलित होतें, हें कुर्ट गोल्डश्टाइन यांनीं दाखविलें होतें. कांहीं मुलांतहि हींच लक्षणें स्ट्रॉस आणि वेर्नर यांना दिसलीं. १९४७ सालीं स्ट्रॉस यांनीं लॉरा लेटिनेन या शिक्षिकेसह लिहिलेल्या पुस्तकांत अशा मुलांसाठीं निराळ्या वर्गाचें वर्णन आहे. मुलांचीं बांकें भिंतीकडे तोंड करून मांडलेलीं, भिंती उघड्या, खिडक्यांच्या खालच्या कांचा झांकलेल्या, आणि शिक्षिकेच्या अंगावर दागिना सुद्धां नाहीं. लक्ष वेधून घेणारें सारें काढून टाकलें म्हणजे लक्ष अभ्यासावर स्थिरावेल, ही त्यामागील कल्पना होती.

या वर्गांत पेरलेलें बीं १९६० नंतर फोफावलें. इंडियाना राज्यांतील नेवेल केफर्ट यांचें मंद गतीनें शिकणाऱ्या मुलांवरील पुस्तक १९६० सालीं निघालें. हालचालींवर ताबा आला कीं दृष्टि स्थिर होते, आणि दृष्टि स्थिर झाली कीं वाचन येतें, अशी त्यांची विचारसरणी. त्यांच्या पद्धतीनें मुलें अरुंद फळीवरून तोल सांवरीत चालत, दोन्ही हातांत खडू घेऊन फळ्यावर एकाच वेळीं दोन वर्तुळें काढीत, जमिनीवर उताणें पडून सांगितलेलाच हात किंवा पाय हलवीत, हलत्या वस्तूचा डोळ्यांनीं पाठलाग करीत. व्हिएन्नाहून लॉस एंजेलिस येथें आलेल्या मारियान फ्रॉस्टिग यांनीं दृष्टिसंवेदनाचे पांच भाग पाडले, त्यांच्या कसोट्या तयार केल्या, आणि प्रत्येक भागासाठीं सरावाच्या वह्या छापल्या. दोन रेघांमधील वाटेनें पेन्सिल नेणें, एकमेकांत गुंतलेल्या आकृत्यांतून एक शोधून काढणें, लहानमोठ्या आकारांतील सारखेपणा ओळखणें, असे ते धडे होते. १९६३ सालीं शिकागो येथील सभेंत सॅम्युएल कर्क यांनीं 'अध्ययन-अक्षमता' या अर्थाची संज्ञा पालकांसमोर मांडली, आणि ती सर्वत्र झाली. त्यानंतर असे फळीवरचे खेळ आणि अशा वह्या अमेरिकेंतील असंख्य शाळांत पोहोंचल्या.

या चळवळीची थट्टा करणें आज सोपें आहे. पण तिचें आकर्षण समजून घेतलें पाहिजे. ज्या आईला आपलें मूल आळशी असल्याचें वर्षानुवर्षें ऐकावें लागलें, तिला प्रथमच कोणी तरी सांगत होतें कीं, दोष मुलाच्या वृत्तींत नाहीं आणि तिच्या संगोपनांतहि नाहीं. शिवाय फळीवर चालणें किंवा आकृति शोधणें यांत मुलाला यश मिळे. दहा दिवसांपूर्वीं तोल जात होता, आज जात नाहीं, ही सुधारणा डोळ्यांना दिसे. सराव केला म्हणजे सरावाची गोष्ट सुधारते, यांत कांहींच नवल नाहीं. प्रश्न एवढाच होता कीं, त्यामुळें मूल वाचूं लागतें काय?

हा प्रश्न १९७० नंतर आकड्यांच्या भाषेंत विचारला जाऊं लागला. डोनाल्ड हॅमिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं दृष्टीच्या तालमीवरील उपलब्ध प्रयोग तपासले, आणि त्यांतून वाचन सुधारल्याचा भरंवशाचा पुरावा मिळत नाहीं, असा निष्कर्ष काढला. १९८३ सालीं केनेथ कॅव्हेल आणि डेनिस मॅटसन यांनीं संवेदन व हालचाल यांच्या शिक्षणाचे १८० प्रयोग एकत्र करून त्यांचा एकंदर परिणाम मोजला. प्रयोगशास्त्राच्या मापानें तो ०.०८ निघाला. साध्या भाषेंत सांगावयाचें तर, १०० मुलांच्या रांगेंत खालून ५० व्या जागीं असलेलें मूल या सर्व खटाटोपानंतर ५३ व्या जागीं जाणार. फळीवर घालविलेले महिने त्यानें अक्षरांवर घालविले असते तर तें कोठें पोहोंचलें असतें, हा हिशेब या आकड्यांत धरलेलाच नाहीं.

दृष्टिदोषाच्या मूळ कल्पनेलाच धक्का देणारा प्रयोग न्यूयॉर्क राज्यांत फ्रँक व्हेल्यूटिनो यांनीं केला. वाचनांत कच्चीं आणि वाचनांत पक्कीं अशा दोन्ही प्रकारच्या मुलांना त्यांनीं हिब्रू लिपींतील शब्द क्षणभर दाखविले, आणि आठवून काढावयास सांगितले. हिब्रू लिपि दोघांनाहि सारखीच अनोळखी. डिस्लेक्सियाचा दोष आकार पाहण्यांत किंवा लक्षांत ठेवण्यांत असता, तर कच्चीं मुलें येथेंहि मागें पडलीं असतीं. तीं मागें पडलीं नाहींत. इतकेंच नव्हे, तर जो इंग्रजी शब्द मूल चुकीचा वाची, त्याचींच अक्षरें तें पुष्कळदां बरोबर क्रमानें उतरवून काढी. डोळ्यांनीं आपलें काम चोख केलें होतें. अडत होतें तें दिसलेल्या चिन्हाला त्याचा ध्वनि जोडण्यांत, आणि तो ध्वनि मनांत धरून ठेवण्यांत.

मग कानाकडे लक्ष गेलें. कनेक्टिकट राज्यांतील इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं लहान मुलांबरोबर टिचक्यांचा एक खेळ मांडला. शब्द ऐकावयाचा, आणि त्यांत जितके तुकडे असतील तितक्या वेळां लांकडी काठीनें मेजावर ठोकावयाचें. 'पाणी' या शब्दाचे 'पा' आणि 'णी' असे दोन तुकडे पाडणें मुलांना फारसें अवघड जात नाहीं. परंतु त्यांतील 'प्', 'आ', 'ण्', 'ई' हे चार मूळ ध्वनि वेगळे काढणें ही निराळीच गोष्ट आहे. ४ वर्षांच्या मुलांत हें कोणालाहि साधलें नाहीं. ५ वर्षांच्या मुलांत शेंकडा १७ जणांना, आणि ६ वर्षांच्या, म्हणजे वाचन शिकूं लागलेल्या, मुलांत शेंकडा ७० जणांना साधलें. बोलण्यांत हे ध्वनि एकमेकांत इतके मिसळून येतात कीं, ते वेगळे आहेत ही जाणीव शिकावी लागते. आणि डिस्लेक्सिया असलेल्या पुष्कळ मुलांना नेमकी तीच जड जाते.

या जाणिवेचा वाचनाशीं कार्यकारणसंबंध आहे किंवा नाहीं, हें १९८३ सालीं ऑक्सफर्ड येथें लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनीं पारखून पाहिलें. शब्दांतील ध्वनि ओळखण्यांत कच्चीं असलेलीं ६५ मुलें निवडून त्यांचे चार गट केले. पहिल्या गटाला चित्रांच्या साह्यानें सारख्या ध्वनींचे शब्द ओळखावयास शिकविलें. दुसऱ्या गटाला तेंच शिकवून शिवाय ते ध्वनि प्लास्टिकच्या अक्षरांनीं मांडावयास लावलें. तिसऱ्या गटानें तींच चित्रें अर्थावरून निवडलीं. म्हणजे लक्ष, श्रम आणि शिक्षिकेचा सहवास त्यालाहि तितकाच मिळाला. चौथ्याला कांहींच जादा शिकविलें नाहीं. दोन वर्षांत ४० पाठ झाले, आणि वाचनांत व शब्दलेखनांत दुसरा गट सर्वांच्या पुढें निघाला. नुसता कान तयार केल्यानें जें थोडें साधलें, तें कान आणि अक्षर एकत्र आणल्यानें पुष्कळच अधिक साधलें. सुटलेली गांठ येथें पुन्हां बांधली गेली.

इतकें झाल्यावरहि जुनी आशा मावळली नाहीं. तिनें यंत्राचा पोशाख चढविला. १९९६ सालीं पॉला टॅलल आणि मायकेल मर्झेनिक यांनीं, संगणकावर उच्चार लांबवून व ठळक करून ऐकविले तर मुलांचें ध्वनिग्रहण सुधारतें, असे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि त्यावरून विक्रीचे अभ्यासक्रम निघाले. २०११ सालीं अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हां वाचनाला त्यापासून लाभ झाल्याचें आढळलें नाहीं. स्मरणशक्तीचीहि हीच कथा. ऐकलेलें मनांत क्षणभर धरून त्यावर काम करण्याच्या शक्तीची, म्हणजे 'कार्यकारी स्मृती'ची, उपपत्ति ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनीं १९७४ सालीं मांडली. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत ती बहुधा दुबळी आढळते. स्वीडनमधील टॉर्केल क्लिंगबर्ग यांनीं २००२ च्या सुमारास तिच्यासाठीं संगणकाचे खेळ तयार केले. २०१३ सालीं मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि चार्ल्स ह्यूम यांनीं असे प्रयोग तपासले. खेळासारख्या कसोट्यांत मुलें सुधारलीं होतीं. वाचन आणि गणित जेथल्या तेथें होतें. डोळ्यांच्या व्यायामांविषयीं आणि रंगीत चष्म्यांविषयीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्या संस्थांनीं २००९ सालीं संयुक्त पत्रक काढून, डिस्लेक्सियावर त्यांचा उपयोग होतो याला शास्त्रीय आधार नाहीं, असें स्पष्ट सांगितलें.

महाराष्ट्रांत या प्रश्नाला सरकारी मान्यता मिळाली ती १९९६ सालीं. अशा मुलांना परीक्षेंत जादा वेळ आणि लेखनिक मिळूं लागला, शुद्धलेखनाच्या चुका माफ होऊं लागल्या. २००७ सालीं 'तारे जमीन पर' या हिंदी चित्रपटानें हा विषय घरोघर पोहोंचविला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. पण सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. देवनागरीच्या स्वतःच्या कांहीं अडचणी आहेत. 'कि' लिहितांना वेलांटी आधीं दिसते, आणि तिचा उच्चार मागाहून होतो. 'घर' हीं लिहावयाचीं दोन अक्षरें तोंडांत एकाच झटक्यांत येतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्या आकारांतील फरक एका लहानशा रेषेचा असतो. येथें डोळ्यांना वळण हवें यांत शंका नाहीं. मात्र तें वळण 'घ' आणि 'ध' यांच्यावरच लावलें पाहिजे, आणि तेंहि त्यांचा उच्चार करीत. त्रिकोण व चौकोन कितीहि निवडले, तरी त्यांतून 'ध' ओळखूं येत नाहीं.

अवधान आणि स्मरण यांच्याबद्दलहि या इतिहासाचें सांगणें असेंच आहे. लक्ष ही कांहीं कोठें तरी वेगळी सांठविलेली शक्ति नव्हे, कीं एका ठिकाणीं वाढवावी आणि दुसऱ्या ठिकाणीं खर्चावी. जो शब्द लावतांना मुलाची सारी शक्ति संपते, त्या शब्दाच्या पुढें त्याचें लक्ष टिकत नाहीं. आणि तोच शब्द सहज लागूं लागला म्हणजे लक्षहि टिकतें व वाचलेलें ध्यानांतहि राहतें. म्हणून पाठ लहान असावा, रोज असावा, एका वेळीं थोडींच अक्षरें असावीं, कालचें आज पुन्हां यावें, आणि प्रत्येक अक्षर डोळ्यानें पाहून, तोंडानें म्हणून, हातानें लिहून पक्कें व्हावें. यांत यंत्र नाहीं, गुप्त विद्या नाहीं. लागतो तो धीर, आणि जाणत्या शिक्षकाचा वेळ. ज्या घरांत असें मूल आहे, त्या घरानें कोणताहि नवा उपाय दारीं आला असतां एकच गोष्ट विचारावी : यांत माझें मूल प्रत्यक्ष अक्षरें आणि त्यांचे ध्वनि किती वेळ हाताळणार आहे? उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या उपायावर पैसा घालविण्यापूर्वीं, आणि त्याहूनहि मुलाचें एक वर्ष घालविण्यापूर्वीं, पुन्हां एकदां विचार करणें बरें.